सहावं पान

धाकटी सहा वर्षांनी घरी जेवायला बसणार, तर तिचं ताट कुठे मांडायचं यावरूनच सूनबाईची तारांबळ उडाली. बापाची खुर्ची मोकळी होती, पण तिथे मांडलं तर थोरल्याच्या कपाळाला आठी पडणार, आणि दाराजवळ मांडलं तर घरची लेक पाहुणी ठरणार. शेवटी आत्या म्हणाली, "माझ्याशेजारी मांड गं," आणि आपली खुर्ची भिंतीकडे ओढून तिने जागा करून दिली. भावाच्या घरात जन्म काढलेल्या बाईला सरकून घ्यायची सवय असतेच.

रविवारची दुपार होती. खाली घरचा छापखाना बंद होता. वर टेबलाशी आत्या, तिची विधवा वहिनी, वहिनीचा थोरला मुलगा, त्याची बायको आणि धाकटी, असे पाच जण बसले होते. निवडणूक आठवड्यावर आली होती आणि संध्याकाळी पाचला मैदानावर धाकटीची सभा होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती व्यासपीठावरून बोलणार होती, त्यामुळे तिचं अर्धं लक्ष घड्याळात होतं.

सहा वर्षांपूर्वी याच टेबलावर ती बापाशी भांडली होती. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवता शिकवता तिने पूल निशाणीवाल्यांच्या पक्षात जायचं ठरवलं, आणि दादाने, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाने, हातातला घास खाली ठेवून तिला घराचा कायदा सांगितला. आपण छापायचं सगळ्यांचं, मानायचं कुणाचंच नाही. तीन पिढ्या या घराने पुलाची निशाणी छापली होती, शिडीची छापली होती, आणि मधेच उगवून मावळणाऱ्या डझनभर पक्षांच्याही निशाण्या छापल्या होत्या. स्वस्ताई सगळ्यांच्याच जाहीरनाम्यात असायची. बाजारात मात्र तिचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. धाकटी म्हणाली, मी लिहीन ते खरं लिहीन. दादा म्हणाला, लिहिशीलही, पण वाचणार कोण? ती उठून गेली ती गेलीच. दोन महिन्यांनी दादा वारला तेव्हा आली, दारात उभी राहिली आणि कुणाशी न बोलता परत गेली.

सहा वर्षं पक्षात सतरंज्या उचलल्यावर यंदा तिला जाहीरनाम्याच्या पत्रकातलं एक पान लिहायला मिळालं होतं. सहावं पान. अर्थव्यवस्थेचं.

"अध्यक्षांनी पाठ थोपटली माझी," ती आईला सांगत होती. "म्हणाले, सहावं पान म्हणजे पत्रकाचा कणा. गल्लीगल्लीत फिरतेय आठ दिवस, लोक म्हणतात, वाचलं, आवडलं."

वहिनीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी ऊन पडलं. थोरल्यानेही, आता आलीच आहे तर, अशा बेताने तिच्या ताटात वाढायला सांगितलं. आत्या मात्र खाली मान घालून जेवत होती. नऊ दिवसांपूर्वी धाकटीने तिला फोन केला होता. सहा वर्षांतला पहिलाच. "आत्या, माझं पान वाचलंस ना? कसं वाटलं?" आणि आत्या म्हणाली होती, "वाचलं. छान आहे."

छापखान्यात एक रीत होती. मुद्रितं जोडीने तपासायची. एकाने मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविरामासकट, आणि दुसऱ्याने समोर बसून छापलेल्या कागदावर बोट फिरवत ओळीओळीला "हूं" म्हणायचं. चाळीस वर्षं दादा वाचत आला आणि आत्या हूं म्हणत आली. सगळं बरोबर असलं की कागदावर शिक्का मारायचा: वाचलं. दादा गेला आणि समोरची खुर्ची ओस पडली. थोरल्याला मशीन सोडवत नव्हतं, सूनबाईला घर. मग आत्या एकटीच वाचू लागली, मनातल्या मनात. आणि मनातल्या मनात वाचताना माणूस काय काय गाळतो, हे त्याचं त्यालाही कळत नाही.

"आणि एक गंमत सांगू?" धाकटी म्हणाली. बसथांब्यामागे एक कुलूपवाला आहे. मंगळवारी त्याने तिला भर रस्त्यात अडवलं आणि विचारलं, दोन वर्षांत कर निम्मा करणार म्हणता, मग दवाखाने कशावर चालवणार? "मी म्हटलं, काका, आमच्या पत्रकात असं कुठेच नाही. आधी नीट वाचा, मग भांडा."

सगळे हसले. थोरला तर, बापासारखा, टेबलावर थाप मारून हसला. आत्याचा घास मात्र हातातच राहिला. कर निम्मा. ही आरोळी तिने गल्ल्यापाशी आपल्या कानांनी ऐकली होती, पण ती शिडीवाल्यांच्या माणसाच्या तोंडून. यंदा बघा, दोन वर्षांत कर निम्मा, म्हणून तो मिशीवरून हात फिरवत होता.

"चष्मा खाली राहिला," असं म्हणून ती उठली. चष्मा तिच्या नाकावर होता. कुणाच्या लक्षात आलं नाही.

खाली शाईचा आणि नव्या कागदाचा वास कोंडला होता. गल्ल्यामागे भिंतीवर दादाची पाटी होती: उद्या नाही. परवा नक्की. गिऱ्हाइकं पाटीला हसायची, पण दादाचा परवा म्हणजे परवाच असायचा, तेरवा कधी झाला नाही. आत्याने फळीवरून दोन्ही पक्षांचं एकेक पत्रक काढलं आणि सहावं पान उघडलं. पुलाच्या पत्रकात तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, दोन वर्षांत कर निम्मा.

शिडीचं तिने नुसतं उघडून मिटलं. आत काय असणार ते कळलंच होतं.

कसं झालं, तेही तिला लख्ख आठवलं. दोन्ही पक्षांच्या सहाव्या पानांची मुद्रितं शेवटच्या दिवशी मशीनवरून सुटी आली होती. टाइप एक, मथळा एक, आणि देशाला भरभराटीकडे नेण्याच्या पहिल्या दोन ओळीही जुळ्या भावंडांसारख्या. आत्या नेहमीप्रमाणे पानाच्या माथ्यावर पेन्सिलीने पक्षाचं नाव लिहायची, कारण मजकुरावरून बाप ओळखता यायचा नाही. त्या दिवशी तिने मूळ प्रती न काढताच दोन ओळी वाचल्या, म्हटलं, ये रे माझ्या मागल्या, आणि नावं घालून शिक्के मारले.

थोरला मागून आला होता. तिने दोन्ही पत्रकं त्याच्यापुढे धरली. त्याने पाहिलं, मग उलटून पुन्हा पाहिलं.

"सगळे गेले?"

"सगळे. आठ दिवस झाले."

"मग आठ दिवसांत बोंब झाली?"

"नाही."

"मग होणारही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्या, हे बाहेर गेलं तर दोन्ही पक्ष पुन्हा या दारात पाय ठेवणार नाहीत. आणि ते गेले तर आपण छापायचं काय, लग्नपत्रिका?"

"पाच वाजता ती हे पान हातात धरून उभी राहणार आहे."

"हातात धरणारे पुष्कळ असतात. उघडतं कोण?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. आत्या जिना चढली तेव्हा गप्प बसायचं तिने जवळजवळ ठरवलं होतं. पण वर धाकटी पाण्याचे घोट घेत भाषण पुटपुटत होती, आणि आत्याला पाहून हसली. लहानपणी पाढे म्हणून दाखवायच्या आधी हसायची तशीच. आत्याने पत्रकं तिच्या ताटाशेजारी ठेवली.

"सहावी पानं अदलाबदल झाली आहेत," ती म्हणाली. "तुझं त्यांच्यात गेलंय, त्यांचं तुमच्यात. चूक माझी."

धाकटीने हात पुसले आणि पान उघडलं. सूनबाई वाढता वाढता उभीच राहिली. मग धाकटी हसू लागली, पण ते हसणं टेबलावरच्या कुणाला आवडलं नाही. तिने एकेक नाव घेतलं. अध्यक्ष. खजिनदार. वाचनालयाचे सेक्रेटरी. पिठाच्या गिरणीवाल्या बाई. पान आवडलं म्हणणारी माणसं तिने आठ दिवस मनात जपून ठेवली होती, ती आता एकेक करून टेबलावर मांडली.

"मीही उघडलं नाही," ती शेवटी म्हणाली. "छापून आलेलं आपलं आपण वाचायची लाज वाटते मला."

थोरला घसा साफ करून म्हणाला, की झालं ते झालं, सभेत पानाचं नाव काढू नकोस, बाकीचं बोल. आणि आत्याकडे न बघता त्याने हेही सांगून टाकलं, की उद्यापासून मुद्रितं तपासायचं काम बाहेर द्यायचं. आत्याने मान हलवली. ते तिने जिन्यातच ओळखलं होतं.

"तुझ्या बापाने असली मूठ कधी झाकली नव्हती," वहिनी एकदम म्हणाली. इतका वेळ ती मुलाच्या बाजूची होती, आणि घरात सहा वर्षं त्याच्याच बाजूची होती.

धाकटीचं इकडे लक्षच नव्हतं. तिने आत्याच्या हातावर हात ठेवला. "छपाईत होतात चुका. मी काय परकी आहे? आणि निदान तू तरी वाचलंस. फोनवर म्हणालीस ना, छान आहे. खरं सांगू, त्या एका शब्दावर मी हे आठ दिवस काढले."

इथे आत्याला खोटं बोलता आलं असतं. एक मान हलवली असती तरी भागलं असतं, आणि तिच्या हातावरचा तो हात तिथेच राहिला असता. सहा वर्षांत कुणी तिच्या हातावर हात ठेवला नव्हता.

"नाही वाचलं," ती म्हणाली. "वरच्या दोन ओळी पाहिल्या. पुढे तेच असणार, असं वाटलं. चाळीस वर्षं तेच असतं."

धाकटी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हात हळूच काढून घेतला आणि पत्रकाची घडी घातली.

"बाबा बरोबर होते," ती म्हणाली.

मग उठून चपला घालताना, स्वतःशीच बोलावं तसं, म्हणाली, "कुलूपवाल्याने वाचलं होतं."

ती जिना उतरली तशी आत्याही शिडीचं पत्रक उचलून तिच्या मागे निघाली. कुणी ये म्हटलं नव्हतं. ऊन कलतं झालं होतं, भिंतीभिंतीवर पूल आणि शिड्या चिकटल्या होत्या, आणि दोघी एकाच रस्त्याने, पण चार पावलांचं अंतर ठेवून चालल्या होत्या.

कुलूपवाल्याचं दुकान कपाटाएवढं होतं. मागच्या फळीवर किल्ल्यांचे घोस, पुढे कानस आणि किल्ली पकडायचा शेगडा, आणि मधे तो, साठी उलटलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. धाकटीला पाहून तो सावध झाला.

"तुम्ही बरोबर होता," धाकटी म्हणाली. "कर निम्मा करण्याचं आमच्याच पत्रकात आहे. मी न वाचता तुम्हाला बोलले. माफ करा."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग खण ओढून दोन्ही पत्रकं काढली. दोन्हींवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, बारीक आणि सरळ. गिऱ्हाईक नसलं की करायचं काय, म्हणून तो दोन्ही वाचत बसायचा, असं त्याने सांगितलं. आणि खरं सांगायचं तर, ताईंच्या पत्रकातलं सहावं पान म्हणजे बोलाचीच कढी नि बोलाचाच भात.

"पण यांचं बघा," तो म्हणाला, आणि शिडीचं पत्रक त्याने उजेडात धरलं. "'पहिली दोन वर्षं वीज आणि प्रवास महाग होतील. हे आम्ही आधीच सांगत आहोत.' आता सांगा, इतकी वर्षं मत देतोय मी. काय स्वस्त होणार ते सगळे सांगतात. काय महागणार ते मतदानाच्या आधी सांगणारा पहिल्यांदा पाहिला. म्हणून यंदा मत शिडीला. घरात सगळ्यांना सांगून टाकलंय."

आत्या धाकटीकडे पाहायला धजली नाही.

"ते मी लिहिलंय," धाकटी म्हणाली. "छापताना पानं बदलली गेली. ते पान आमचं आहे."

कुलूपवाल्याने पत्रक खाली ठेवलं. दुसऱ्याच्या घराचं कुलूप दाखवून, माझंच आहे, उघडून द्या, म्हणणारी माणसं त्याने आयुष्यात बरीच पाहिली असावीत. तशाच नजरेने त्याने तिला न्याहाळलं.

"ताई, मंगळवारी म्हणालात, ते आमचं नाही. आज म्हणता, हे आमचं आहे. पुढच्या रविवारी काय म्हणाल?"

"ती खरं बोलते आहे," आत्या पुढे होऊन म्हणाली. "छापखान्यात तपासायला मी असते. चूक माझ्या हातून झाली."

"तुम्ही यांच्या कोण?"

"आत्या."

तो हसला. कुचकटपणे नाही, पण हसला.

"समजा, धरलं खरं," तो म्हणाला. "म्हणजे शिडीवाल्यांनी हे लिहिलंच नाही. आणि तुमच्या पक्षात ते चुकलेलं आठ दिवस कुणी पाहिलंच नाही. मग मी आता मत देऊ कुणाला?"

त्याचा आवाज चढला नव्हता. त्याला खरोखरच उत्तर हवं होतं. धाकटी म्हणाली, "मला माहीत नाही."

"हे मात्र पटलं," कुलूपवाला म्हणाला. त्याने पत्रकं खणात ठेवली, कानस उचलली आणि अर्धी राहिलेली किल्ली घासायला घेतली.

कोपऱ्यावर धाकटी थांबली. तिने आत्याच्या हातातलं शिडीचं पत्रक मागून घेतलं. आत्या म्हणाली, मी येते सभेला, मागे कुठेतरी उभी राहीन.

"नको, आत्या."

"कडेला राहीन गं."

"नको," धाकटी पुन्हा म्हणाली, आणि मैदानाच्या रस्त्याला लागली. आत्या ती दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. मग तिला जायला छापखान्याशिवाय दुसरी जागा सुचली नाही.

तिने फक्त अर्धं दार उघडलं. खिळ्याला टोचलेल्या कागदांतून सहाव्या पानाची मूळ प्रत काढली, धाकटीच्या हस्ताक्षरातली, आणि आपल्या टेबलाशी येऊन बसली. समोर दादाची खुर्ची. मैदान दोन गल्ल्यांपलीकडे होतं. पाचला भोंगा खरखरला, कुणीतरी कुणाच्या तरी नावाचा जयजयकार केला, आणि मग धाकटीचा आवाज आला. कर्ण्यातून तो घोगरा येत होता, तरी शब्द कळत होते.

ती म्हणाली, माझ्या हातात शिडीवाल्यांचं पत्रक आहे. त्यातलं सहावं पान मी लिहिलेलं आहे. तुमच्या हातातल्या पत्रकात आहे ते माझं नाही. आठ दिवस हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. म्हणून मी आता ते वाचून दाखवते.

मैदानावर काय गडबड झाली असेल ते आत्याला इथे बसून दिसत होतं. धाकटी वाचू लागली. आत्याने प्रत सरळ केली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हूं," ती म्हणाली.

पहिल्या दोन ओळी त्याच, भरभराटीच्या. तिसरीपासून पान बदललं. काय महागणार, किती दिवस, कुणाला आधी सोसावं लागणार. नोकऱ्या पहिल्या वर्षी येणार नाहीत, का येणार नाहीत. तिसरीच ओळ वाचली असती तरी आत्याने पोर ओळखली असती. साधी, तुटक वाक्यं, गिऱ्हाइकाला समोर बसवून सांगावं तशी. "हूं," आत्या म्हणत होती. "हूं." बोट ओळीमागून ओळ उतरत होतं, बाहेरून आवाज येत होता, आणि कितीतरी वर्षांनी ती मुद्रितं जोडीने तपासत होती.

नवव्या ओळीला भोंगा बंद पडला. क्षणभर काहीच नव्हतं. मग दुसराच आवाज आला, पुरुषाचा, मोठा, तांत्रिक अडचण आली आहे म्हणणारा, आणि त्याच्यामागे घोषणा सुरू झाल्या. आत्या बोट नवव्या ओळीवर ठेवून थांबली. धाकटी आता पायऱ्या उतरत असेल. खाली कुणी तिच्याशी बोलत असेल का? नसेल.

घोषणा थांबेनात, तेव्हा आत्याने घसा साफ केला आणि पुढचं मोठ्याने वाचायला घेतलं. स्वल्पविरामासकट, पूर्णविरामासकट. दहावी ओळ, अकरावी. तिचा आवाज पहिल्यांदा चिरकला, मग लागला. शेवटच्या परिच्छेदाला ती आली आणि अडखळली, कारण पुढचं तिला पाठ होतं.

"यातलं किती होईल ते तुम्ही आम्हाला दर वर्षी विचारा, पूर्णविराम. आमच्याकडे एकच उत्तर आहे, पूर्णविराम. उद्या नाही, पूर्णविराम. परवा नक्की, पूर्णविराम."

तिने पाटीकडे मान वर केली नाही. सवयीने ती थोडा वेळ थांबली, समोरून हूं येतं का म्हणून. दादाच्या खुर्चीवर दुपारची धूळ होती. बाहेर पुलाची घोषणा देत एक टेंपो गेला.

मग आत्याने शिक्का शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर मारला. वाचलं. शाई वाळेपर्यंत ती कागद हातात धरून बसून राहिली.